दोन विहिणी आणि कागदाच्या टॉफ्या

नेपरव्हिल
२९ नोव्हेंबर २०२५

श्रीमती सुचित्राताई यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. दर रविवारी व्हिडिओवर भेटतोच आपण, पण तिथे सगळं घर सोफ्यावर मांडी घालून बसलेलं असतं. दोन विहिणींनी मनातलं काय बोलायचं? इथून नोव्हायला टपाल तीन दिवसांत पोचतं असं तुमचा अनुप म्हणाला, म्हणून जुन्या रीतीने लिहायला बसले.

इकडे सर्व खुशाल. माझी मोनाली ऑफिसच्या रगाड्यात आहे, आमचे जावईबापू, म्हणजे तुमचा अनुप, शिकागोच्या ट्रेनने जाऊन-येऊन आहेत. बर्फ पडायला लागला. तुम्ही ऑक्टोबरात परत दुसऱ्या मुलाकडे, हेमचंद्रकडे नोव्हायला गेलात आणि मी नागपूरहून आले, तेव्हापासून आपल्या नातीची, मैत्रीची आंघोळ, वेणी, डबा सगळं माझ्याकडे आहे. पण घरात नाव निघतं ते तुमचंच. मी पोळीची गुंडाळी केली, तर मैत्री म्हणणार, नोव्हायची आजी वेगळी करते. मी गोष्ट सांगितली, तर नोव्हायच्या आजीच्या गोष्टीत हत्ती बोलतो. परवा हौसेने रव्याचे लाडू वळले. एक चावा घेऊन बाईसाहेबांनी तो ताटलीत ठेवला आणि सांगितलं, की नोव्हायच्या आजीचे लाडू असे नसतात. साडेचार वर्षांच्या पोरीला काय बोलायचं! पण खोटं कशाला सांगू, मला फार लागलं.

आता खरा मुद्दा. १९ डिसेंबरला, शुक्रवारी, मैत्रीच्या शाळेत नाताळानिमित्त कँडीचा कार्यक्रम आहे. मुलांनी कागदाच्या, मण्यांच्या कँड्या करायच्या, शोभेच्या. खोली लहान, म्हणून प्रत्येकाने घरातलं एकच मोठं माणूस आणायचं. मोनाली आणि जावईबापूंना रजा नाही. घरात रिकामी मी आहे. तरी मैत्रीने टीचरला परस्पर सांगून टाकलं, की माझी नोव्हायची आजी येणार! मोनाली हे हसत हसत सांगत होती आणि मला हसू येईना.

तुम्ही यावं असा माझा आग्रह नाही, हे स्पष्टच लिहिते. पाच तासांचा रस्ता, त्यात बर्फ, त्यात तुमचे गुडघे. जन्मभर बालवाडी चालवलीत, तुमच्या हातात कला आहे हे मान्य. मी पडले नर्स, मला पट्ट्या बांधता येतात. तेव्हा या कँड्या कशा करायच्या तेवढं कळवा. फक्त खऱ्या गोळ्या चिकटवायला सांगू नका. डिंक लावून अन्न कागदावर चिकटवणं माझ्याने होणार नाही.

लोभ आहेच, थंडीत तो गोठू देऊ नये.
आपली,
रत्ना


नोव्हाय
३ डिसेंबर २०२५

सौ. रत्नाताईंना,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या गुडघ्यांची तुम्हाला इतकी काळजी आहे हे वाचून गुडघ्यांनाच गहिवरून आलं.

अहो ताई, पिकतं तिथे विकत नाही, त्यातला हा प्रकार. मी सहा महिने त्या घरात होते, तेव्हा मैत्री दिवसभर नागपूरच्या आजीचं पुराण लावायची. नागपूरच्या आजीकडे इंजेक्शनची सुई आहे, नागपूरची आजी कोणाला घाबरत नाही. तेव्हा माझ्याही पोटात दुखायचं, मी बोलले नाही इतकंच. आणि तुम्हाला रोज तिची वेणी घालायला मिळते. इथे हेमचंद्रचा ईशान पंधरा वर्षांचा. कानात गाणी ऐकायचं ते बोंडूक घालून बसतो, माझा हात डोक्यावर गेला तर मान काढून घेतो. तुमचा हेवा मी करू नये तर कोणी करावा?

कँड्या अगदी सोप्या. किचन रोल संपला की पुठ्ठ्याचं नळकांडं उरतं, त्यावर रंगीत कागद गुंडाळायचा, कागद दोन्ही बाजूंनी चार बोटं जास्त ठेवायचा आणि टोकं पिळून बांधायची. झाली मोठ्ठी टॉफी. मखमली तारेत एक लाल, एक पांढरा असे मणी ओवायचे आणि वरचं टोक काठीच्या मुठीसारखं वाकवायचं. तारेचं खालचं टोक आधी दुमडून घ्या, नाहीतर पोरं एका बाजूने ओवतात आणि दुसऱ्या बाजूने सांडतात. कागदी ताटलीवर मधून कडेपर्यंत लाल वळसे रंगवले की पेपरमिंटची गोळी. खरी गोळी मीही कधी चिकटवली नाही. आमच्या बालवाडीतल्या पोरांनी कागदासकट चाटून ठेवली असती.

सगळं सामान कापून, मोजून आजच कुरिअरने पाठवलं आहे. विनंती एकच. पार्सल मैत्रीच्या हातात द्या, आणि हे नोव्हायच्या आजीने पाठवलं एवढं तिच्या कानावर घाला. लहान पोरं लवकर विसरतात. मला त्याचीच धास्ती वाटते.

लोभ असू द्यावा, उणा वाटला तर मागून घ्यावा.
आपली,
सुचित्रा


नेपरव्हिल
७ डिसेंबर २०२५

श्रीमती सुचित्राताई यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

काल सहा डिसेंबर. इकडच्या आपल्या मंडळींनी एका हॉलमध्ये अभिवादन ठेवलं होतं. पांढरी साडी, वरून जावईबापूंचं जाड जाकीट, असा माझा अवतार. मैत्रीने मेणबत्ती लावली आणि वंदना चालू असताना एकदाही बोलली नाही. तुम्ही असतात तर सुखावला असतात.

तुमचं पार्सल काही अजून आलं नाही. इकडे दारातून पार्सलं पळवतात म्हणे, काय करणार. पण मी वाट बघत बसले नाही. तुम्ही कृती इतकी छान लिहिली होती, की घरात होतं-नव्हतं ते गोळा करून आम्ही आज दुपारीच बसलो. मणी मोनालीच्या कपाटात कुठेतरी निघाले. मैत्री माझ्या मांडीवर बसून ओवत होती, लाल-पांढरं, लाल-पांढरं असं इंग्रजीत पुटपुटत. टॉफीची टोकं मी अशी आवळली, की जखमेवरची पट्टीसुद्धा इतकी नीट बसायची नाही. खिडकीत दोरी बांधून सगळं टांगलं. पोरगी लांब उभी राहून बघत राहिली आणि मला म्हणाली, की आजी, तुला हे सगळं येतं हे मला माहीतच नव्हतं.

ताई, काय सांगू, मला तरुण झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तिने मोनालीला सांगितलं, की शाळेत आता रत्ना आजीच येणार. तेव्हा तुमचा बर्फातला प्रवास टळला. गुडघे शेकत आरामात बसा.

लोभ ठेवावा, राग नसावा.
आपली,
रत्ना


नोव्हाय
१० डिसेंबर २०२५

सौ. रत्नाताईंना,
जयभीम, वि. वि.

पार्सल मिळालं नाही म्हणता. कुरिअरवाल्याने ते तुमच्या दारात ठेवल्याचा फोटो पाच तारखेलाच हेमचंद्रच्या फोनवर आला. पार्सलाच्या शेजारी तुमची निळी स्लीपर आहे.

तरी मी म्हटलं, असेल, दारातून गेलं असेल. मग काल मोनालीने ग्रुपवर खिडकीचा फोटो टाकला. मी दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला. ताई, टॉफीच्या टोकांना बांधलेल्या त्या जांभळ्या पट्ट्या माझ्या साडीच्या काठाच्या आहेत. अनुपच्या शाळेच्या पहिल्या दिवशी नेसलेली साडी. विरली होती, म्हणून काठ तेवढा जपला होता. मैत्रीच्या हातात आपलं काहीतरी पडावं म्हणून कातरला. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं, रत्ना आजी ग्रेट. ईशाननेसुद्धा टाळ्यांची चित्रं टाकली. मी फोन उशीखाली ठेवला आणि रडले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय म्हणू?

संतापाने चार कागद लिहिले आणि फाडले. का फाडले तेही सांगते. चोराची पावलं चोरास ठाऊक. जूनमध्ये अनुप नागपूरला गेला होता, तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर लाडवांचा डबा दिला होतात. विमानात सगळ्याचा चुरा झाला. मी त्यात चमचाभर तूप घालून ते पुन्हा वळले. मैत्री शेजारी स्टुलावर उभी राहून बघत होती. तिला वाटलं, नोव्हायच्या आजीने लाडू केले. मी तिला दुरुस्त केलं नाही. तुम्ही तिला दिलेला लाडू तिने ताटलीत ठेवला ना? इकडच्या जाड्या रव्याचा असेल तो. तिला हवा होता तो तुमच्याच नागपूरच्या रव्याचा.

म्हणून भांडायला तोंड नाही. पण दुखतं ते दुखतंच. तुम्ही शाळेत जा. फक्त त्या पट्ट्या कुठून आल्या, हे कधीतरी तिला सांगा.

लोभ आहे की नाही, हे आज विचारू नये.
सुचित्रा


नेपरव्हिल
१४ डिसेंबर २०२५

सुचित्राताई,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. लाडवांपाशी आले आणि आधी इतकी हसले, की मोनाली वरून धावत आली. मग जो राग आला! पंधरा दिवस मी माझ्याच लाडवांवर जळत होते, आणि तुम्ही तिकडे मजेत ऐकत होतात.

मग त्या साडीचं पुन्हा वाचलं आणि राग उतरला. पार्सल मी दारातून उचललं, उघडलं, सगळं कसं मापात कापलेलं होतं ते पाहिलं, आणि माझ्या मनात आलं, की हे तिच्या हातात पडलं की माझी उरलीसुरली किंमत गेली. खोकं मी कचऱ्याच्या दिवशी स्वतः बाहेर नेऊन ठेवलं. हे मी मत्सराने केलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

काल मैत्रीला सांगितलं. मणी, तारा, पट्ट्या, कसं करायचं हेसुद्धा सगळं नोव्हायच्या आजीचं. मला वाटलं होतं, लाडवांचंही सांगितलं की फिटंफाट होईल. पण लाडवांचं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोडा वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत बसली आणि म्हणाली, की मग शाळेत नोव्हायची आजीच यायला हवी, कारण तिला खरं येतं. मी जीभ चावली. कोणी सांगितलं होतं मला एवढं खरं बोलायला? पण आता बोलून बसले.

तेव्हा तुम्ही या. हेमचंद्रला गाडी काढायला सांगा, गुरुवारीच निघा, हवा बरी आहे म्हणतात. मोनालीने शाळेत विचारलं, आत एकच जण. मी बाहेर पॅसेजमध्ये बसेन, मैत्रीचं जॅकेट आणि बूट सांभाळत. त्या वेळी मला तुमचा भयंकर हेवा वाटणार आहे, हे आधीच कळवून ठेवते. मग तोंड पाडून बसले तर नावं ठेवू नका.

लोभ असेल तर घेऊन यावा, नसेल तर इथे मिळेल.
आपली,
रत्ना


नोव्हाय
२१ डिसेंबर २०२५

सौ. रत्नाताईंना,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आम्ही काल सुखरूप पोचलो. वाटेत बर्फ लागला नाही. तुम्ही दिलेली चटणी हेमचंद्रने गाडीतच उघडली.

शाळेतून निघाल्यावर तुम्ही विचारलंत, आत काय झालं, आणि मी छान झालं एवढंच म्हणाले. तुम्हाला वाटलं असेल, बाई शेफारली. तसं नाही. आत काय झालं ते तुमच्यासमोर माझ्याने सांगवलं नाही, म्हणून लिहिते.

त्या बुटक्या खुर्चीत मी कशीबशी बसले. सगळं सामान टेबलावर मांडलेलं होतं. मला वाटलं, आता आपलं राज्य. शेजारच्या दोन मुलांच्या तारांची टोकंही मी दुमडून दिली, त्यांच्या आया थँक्यू म्हणाल्या. मला फार बरं वाटत होतं. मैत्री मात्र घाईत होती. दोन लाल मणी एकामागोमाग ओवले, मी दाखवलं तरी बदलेना. ताटलीचे वळसे अर्धेच रंगवले. मी म्हटलं, सावकाश कर गं राणी, वेळ आहे. ती नुसती दाराकडे बघत होती.

मग टीचर प्रत्येक टेबलाशी येऊन मुलांना विचारू लागली, की आज तुझ्याबरोबर कोण आलं आहे. आमची पाळी आली. मी पदर सारखा केला. मैत्रीने इंग्रजीत सांगितलं, की ही माझी नोव्हायची आजी, ती पाहुणी आली आहे. माझी रोजची आजी बाहेर माझं जॅकेट घेऊन बसली आहे, आणि आम्हाला लवकर आटपायला हवं, कारण तिथे तिला एकटीला थंडी वाजत असेल.

ताई, माझ्या हातातली तार तशीच राहिली. टीचर कौतुकाने काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. परतीच्या रस्त्यात हेमचंद्रने विचारलं, गुडघे दुखतात का, आणि मी हो म्हटलं.

दार बंद होतं. तुम्हाला हे कधीच कळलं नसतं. काल घरी आल्यापासून मी तेच घोकत होते, की कळवायची काय गरज आहे. पण ते तुमचं आहे, म्हणून पाठवते. माझा जीव जळतो, तरी पाठवते.

लोभ वाढवावा, हेवा मी सांभाळते आहे.
आपली,
सुचित्रा