मंगेशला जाळे आणि झिऱ्याला शेवटची पट्टी

मी, धर्मेंद्र मंगळू झुगरे, वय २३, शिक्षण नववीपर्यंत, राहणार पोशेरा, हे मृत्युपत्र कोणी न सांगता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा जव्हारला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. तरी भूल देणार, म्हणून लिहितो. डोके ठिकाणावर आहे. आई गोजाबाईला विचारले, ती म्हणाली, "आतापर्यंत तरी आहे."

घरातला माझा हिस्सा व कोंबड्या पत्नी तुळशीच्या. चुलीजवळची जागा आईची. तिला कोणी ओट्यावर झोपवू नये. कोयता सासऱ्यांचा, त्यांना परत करावा.

आकडा दाखवणारे यंत्र नीता मॅडमचे आहे. त्या मुंबईहून पाणी तपासायला येतात, मी त्यांना झरे दाखवतो. पावसाळ्यानंतर येतील तेव्हा द्यावे. त्यात खोचायची एकच पट्टी उरली आहे. तिच्या टोकाला कार्बनच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या आहेत आणि त्यांवर एक प्रथिन बसवले आहे. मॅडमनी यंत्रासोबत दिलेल्या बाटलीतल्या पाण्यात ते काम करते, थोडी वीज निघते, आकडा चढतो. फवारणीचे औषध लागले की ते काम सोडते. तसलेच प्रथिन आपल्याही अंगात असते म्हणे. हे ऐकल्यापासून मी पट्टी जरा जपूनच धरतो.

आता चुलतभाऊ मंगेश. काल पाड्याच्या पिण्याच्या झिऱ्याच्या वरच्या डोहात मासे उलटे तरंगले. आपल्याकडे झाडाची साल कुटून टाकतात, मासे गुंगतात. मंगेश म्हणतो, "मीपण सालच टाकली." मला औषधाचा वास आला. मी यंत्र नेले, तर त्याने तेव्हा उरलेल्या दोनपैकी एक पट्टी ओढून थेट झिऱ्यात बुडवली आणि मग बाटलीत. आकडा हललाच नाही. "बघ रं, तुझी पट्टीच उन्हानं मेली!" सगळे हसले.

त्याचे खरे असू शकते. पट्ट्या थंड ठेवायच्या असतात आणि आमच्याकडे फक्त ओल्या फडक्यातला माठ आहे. पट्टी मेली की पाणी बिघडले, हे मलाही माहीत नाही. तुळशी लांबच्या विहिरीवरून हंडे आणते. बाकी पाडा झिऱ्याचेच पितो.

म्हणून शेवटची पट्टी मंगेशला देतो. आज तो खोडाळ्याच्या बाजारात आहे आणि मला उद्या सकाळची एसटी धरायची आहे. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता तो आल्याबरोबर अमलात आणावे. सर्वांसमोर त्याने पट्टी आधी बाटलीत बुडवावी. आकडा चढला, तर पट्टी जिवंत आहे. मग ती झिऱ्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा बाटलीत घालावी. आकडा पहिल्यापेक्षा पडला, तर झिरा बंद करावा. पहिल्यालाच चढला नाही, तर काहीच कळले नाही असे समजावे आणि मॅडम येईपर्यंत सर्वांनी विहिरीचे पाणी आणावे, मंगेशनेसुद्धा.

वडिलांचे फेकजाळे, आकडा काहीही येवो, मंगेशलाच. जाळे हातात असले की पाण्यात काही टाकावे लागत नाही.

मी परत आलो तर हे सर्व रद्द, जाळे आणि पट्टी सोडून. आकडा मोठ्याने वाचावा व मला कळवावा. मी नसलो तरी मोठ्यानेच वाचावा.

साक्षीदार:
१. सावळा भोये (सही)
२. नवशी वारघडे (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: धर्मेंद्र मंगळू झुगरे (सही)
पोशेरा, ता. मोखाडा, जि. ठाणे
१४ मे २००७