तळघरातलं खारं पाणी

काल्हेर,
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६, सकाळ

तीर्थस्वरूप केसरीनाथकाका यांस,
भूपेशचा नमस्कार.

मधे एक भिंत असताना पत्र कशाला, म्हणाल. पण तोंडानं बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? म्हणून कागद. घरी सगळे बरे. आईचा खोकला उतरलाय. तळघर कोरडं आहे.

माझ्यासाठी सगळं बदललं ते महिन्यापूर्वी, पौष पौर्णिमेच्या दुपारी. तुम्ही आमच्या तळघरात वाकून पाण्यात बोट बुडवलंत आणि ते जिभेला लावलंत, तेव्हा.

त्याआधीची दहा मिनिटं मला आठवायची नाहीत, पण पत्र लिहायचं तर ती लिहिली पाहिजेत. ऐन थंडीत, आभाळ स्वच्छ, आणि तळघरात घोट्याएवढं पाणी. आईची वर्षाची तांदळाची पोती खालून भिजलेली. भिंतीच्या पलीकडे तुमची पाण्याची टाकी. मी दुसरा विचार केला नाही. हातोडा घेतला, तुमच्या अंगणात आलो आणि टाकीचा पाइप फोडला. ओट्यावर तुमच्या उन्नतीच्या होणाऱ्या सासरचे बसले होते, मांडवाची जागा बघायला आलेले. त्यांच्यासमोर ओरडलो, "लोकांची घरं बुडवून मांडव घालताय काय?" उन्नती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "झालं का तुझं?"

तुम्ही मला एक कानाखाली द्यायला हवी होती. पाहुण्यांनीही तीच वाट बघितली. तुम्ही पँट दुमडलीत आणि आमच्या तळघरात उतरलात.

"खारं हाय रं. माझ्या टाकीत खाडी भरलीय काय?"

मी भिंतीकडे बघितलं.

"आज तिथी कंची?"

"पौर्णिमा."

"मंग? उधाणाचं पानी हाय. जमिनीतून वर आलंय. तुझ्या बापानं जिथं भरती शिरायची त्या खाजणावर भराव टाकून घर बांदलं, खाडी इसरली न्हाय."

वर आल्यावर नवऱ्यामुलाच्या वडिलांनी विचारलं, हा कोण? तुमचं उत्तर मी जिन्यात उभा राहून ऐकलं. "आमचाच हाय. डोकं तापट, पन पान्याला भीत न्हाय." काका, त्या वाक्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. फुटलेल्या पाइपातून मागं तुमचं पाणी वाहत होतं आणि तुम्ही मला आमचाच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तेव्हा हाक मारलीत. तुमचे जुने गमबूट माझ्या पुढ्यात टाकलेत. खाडीच्या बांधात लाकडी झडप आहे, ओहोटीला आतलं पाणी सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी, तिला उघाडी म्हणतात, हे मला एकवीस वर्षं बांधाजवळ राहून माहीत नव्हतं. गोडाऊनवाल्यांच्या भरावातली फाटकी ताडपत्री तिच्यात अडकली होती. झडप मिटतच नव्हती. तुम्ही या वयात कमरेएवढ्या गार चिखलात, आणि मी वरून ओढतोय. तेव्हा तुम्ही विचारलंत, "कॉलेज का सोडलंस?"

"मन लागेना."

"खरं सांग, न्हायतर हे पन चाखून बघीन."

मी हसलो आणि सांगितलं नाही. आज सांगतो.

भिवंडीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी एका मुलाला गेटवर मारलं. तो उन्नतीला स्कूटरवरून घरी सोडायचा, एवढाच त्याचा गुन्हा. प्रिन्सिपल म्हणाले, माफी माग आणि वर्गात बस. मी मागितली नाही. घरी येऊन सांगितलं, शिक्षणात काही अर्थ नाही. त्याच संध्याकाळी उन्नती गच्चीच्या कठड्यापाशी आली. म्हणाली, "शेजारी म्हणून तू मला आवडतोस, भूपेश. त्यापुढं काही नाही, आणि होणारही नाही. माझ्या नावानं कुणाला मारू नकोस." इतकं सरळ मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. पण माझ्या डोक्यानं काय धरलं? हे तिचं बोलणं नाही, तिच्या बापानं पढवलंय. दोन वर्षं मी तुम्हाला नमस्कार करत होतो आणि आतून दात खात होतो.

तेव्हा काका, पाइप मी पाण्यासाठी फोडला नाही. पाणी दिसलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तुमच्यावर ओरडायला कारण मिळालं. आईची पोती भिजली आणि मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. पण तसं झालं.

तुम्ही तिला काही पढवलं नव्हतं. टाकीसारखंच हेही मी न बघता तुमच्यावर ढकललं. मला माफ करा. हे दोन शब्द मी पहिल्यांदाच लिहितोय. कॉलेजचा माफीचा अर्ज अजून कोराच आहे, पण हा कागद जमला तर तोही जमेल.

ताडपत्री निघाल्यावर अमावास्या गेली, रविवारची पौर्णिमाही गेली. रोज भरतीला मी बॅटरी घेऊन तळघरात उतरलो. भिंतीला हात लावला, फरशीला लावला. थेंब नाही.

रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हळदीला पान्याचं भूपेश बघील." काकू चपापल्या. "ह्यो?" तुम्ही म्हणालात, "पान्यातलं त्यालाच कळतं आता." मी घरात जाऊन टँकरवाल्याला फोन लावला. लोक म्हणतील वेडा आहे, जिच्यासाठी कॉलेज सोडलं तिच्याच हळदीचं पाणी भरतोय. म्हणू देत. तुम्ही दिलेलं काम आहे. हे जमलं नाही तर तुम्ही मला आमचाच म्हणालात ते फुकट जाईल.

हे पत्र उन्नतीला दाखवू नका. मला सांगायचं होतं ते तिनं कधीच ऐकलंय. तिचं उत्तर ऐकायला मला दोन वर्षं लागली.

तुमचे गमबूट धुतलेत, पण आज हळद आहे, आजच्या दिवस परत देत नाही. टँकर नऊला येतोय, त्याआधी ड्रम घासायचे आहेत. तळघराचा दिवा बंद केलाय. कागदाची घडी करून आईच्या हाती तुमच्याकडे धाडतो, मग बाहेर पडतो, आणि दार मागं ओढून घेतो. आपटत नाही, काका. कान देऊन ऐका.

तुमच्या पाइपाचा गुन्हेगार आणि उन्नतीच्या हळदीचा पाणक्या,
तुमचाच
भूपेश