आठाची मधली रेघ

मेहकर, मंगळवार, सांजेले

बाबाची रक्तातली साखर मोजायची मशीन आज दुकानात उघडली. बटन अडकत होतं, बस. पाहतो तर आकड्यायच्या काचेजवळची लवचिक पट्टी सुटलेली. तिच्या गोंदात धातूचे बारीक कण असतात, ते दबून टेकले तरच करंट पुढं जाते. अंगठ्यानं दाबली, तर मेमरीतल्या सकाळच्या 105 चे 185 झाले. आठाची मधली रेघच उमटत नव्हती, म्हणून शून्य दिसे!

कधीपासून? साखर उतरली म्हणून आईनं शिरा सुरू केला, तो हेच पाहून? लोकायचे मोबाइल दुरुस्त करतो मी, अन् घरची ही रेघ मले काऊन दिसली नाही?

घरी उघड्या मशीनची पट्टी दाबून बाबाले 185 दाखवले. त्यायनं माझा अंगठा हळूच बाजूला केला. पुन्हा 105.

"आता बरोबर हाय," म्हणे.