घेणाऱ्यांच्या पसंतीचं घर

७ जानेवारी

पहिला घाव माझ्या हातचा! स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधली भिंत. मिस्त्री म्हणाला, "बाई, हातोडा इकडे द्या, बोट चेचून घ्याल." दिला नाही. वीस वर्षं दुकानाच्या काचेमागे माल मांडला मी— गिऱ्हाईक कुठे थबकतं ते मला कळतं. या घरात शिरलेला माणूस त्याच भिंतीपाशी थबकतो. समोर नुसता अंधार. म्हणून आधी ती.

आई जाऊन वर्ष झालं. घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर. आहे तसं विकायला काढलं तर लोक नाक मुरडतील, म्हणून आधी डागडुजी. ताई इथेच जन्मली, इथूनच टपाल कचेरीत नोकरीला गेली, इथेच नऊ वर्षं आईचं अंथरूण सांभाळलं. आता एकसष्टाव्या वर्षी एकटीने पाच खोल्या झाडत बसायचं कशाला? तिला माझ्या घरापासून चार मिनिटांवर छोटासा फ्लॅट घ्यायचा. मी पाहूनही ठेवलाय. तिला सांगितलं तर म्हणाली, "तू आधी घराचं बघ." गुणी आहे बिचारी.

९ जानेवारी

भिंत गेली. पुढच्या दारातून थेट मागचं दार दिसतं. मिस्त्रीने कबूल केलं— "नजर आहे तुम्हाला." आहेच.

१० जानेवारी

भिंतीचा उरलेला पाया काढताना आतला पाण्याचा पाइप फुटला. मिस्त्री "बादल्या, बादल्या" ओरडतोय, मी ओली चिंब, सिमेंटच्या गोण्या भिजायला लागलेल्या. ताई शांतपणे मागच्या दाराशी गेली, फरशीचा एक तुकडा उचलला आणि खालचा कॉक फिरवला. पाणी बंद.

"इथून पाइप जातो हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस गं."

दोन दिवस वाया.

२२ जानेवारी

घेणारे कोण असणार ते मी ठरवून टाकलंय. पस्तिशीचं जोडपं, एक मूल आणि नवऱ्याची आई. आता सगळं त्यांच्या सोयीने. न्हाणीघराच्या दोन पायऱ्या काढल्या— म्हातारं माणूस अडखळायला नको. आईची खोली मुलाला अभ्यासासाठी. भिंतीतलं लाकडी कपाट उखडलं. आत चिंध्यांचं गाठोडं आणि उंदरांनी केलेला संसार.

ताई चहा घेऊन आली. "आणि सासूबाईंना कुठे ठेवलंस?"

"हॉलशेजारी. हाक मारली की सुनेला ऐकू जाईल."

"सासूबाईंना विचारलंस का? की सुनेला?"

मिस्त्री हसता हसता थापी टाकून बसला. मीही हसले. आईच्या आजारपणात ताई जेमतेम बोलायची. आता जीभ सुटलीये. बरंच आहे.

५ फेब्रुवारी

रंगाऱ्याने हॉलच्या भिंतीवर पाच पट्टे ओढून दाखवले. मी सायीचा रंग घेतला. कुणाला खटकायला नको. ताई हिरव्या पट्ट्यापुढे बराच वेळ उभी होती.

"आवडला का?"

"छान आहे."

"लोकांना भडक वाटेल, ताई. इथे नको."

"इथे नकोच," म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

१८ फेब्रुवारी

ताई भल्या सकाळी "काम आहे" म्हणून बाहेर पडली ती दिवेलागणीला आली. या महिन्यात दुसऱ्यांदा. विचारणार होते, तेवढ्यात फरशीवाला चुकीच्या फरश्या उतरवायला लागला.

३ मार्च

झालं! एजंट दारातच थबकला. "अहो, हे तेच घर का?" मी हाताची घडी घालून नुसती उभी राहिले. असे क्षण मला आवडतात.

९ मार्च

दोन कुटुंबं येऊन गेली. पहिल्यांना मी सगळं दाखवलं, एकही खिडकी सोडली नाही. दहा मिनिटांत गेले.

दुसरं जोडपं नेमकं मी ठरवल्यासारखं— पस्तिशीचं, बरोबर नवऱ्याची आई. फक्त मुलं दोन. मी सुरुवात करते तोच आजी दमून ताईजवळ टेकल्या. आणि ताई बोलायला लागली. "या बाजूला दहापर्यंत ऊन येतं, गुडघ्यांना बरं वाटतं. दुपारी तिकडे झोपू नका, शेजारचं कुत्रं भुंकत बसतं. मागच्या दाराची कडी दाबून लावावी लागते." एजंटचा चेहरा पडला. मी ताईला मागून चिमटा काढला, तरी ही थांबेना. आजींना घेऊन सगळं घर फिरली. तिला इतकं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आजींनी विचारलं, "एवढं राहिलात इथे, सोडवेल का हो तुम्हाला?"

"सोडवेल की," ताई लगेच म्हणाली.

मला वाईट वाटलं. उसनं अवसान, दुसरं काय.

१४ मार्च

होकार आला! आजी म्हणे घरी जाऊन म्हणाल्या, "ज्यांनी कुत्र्याचंही सांगितलं, ते काही लपवायचे नाहीत." एजंट आता स्वतःच कुत्र्याचं कौतुक करतोय. भिंतीचा, न्हाणीघराचा, सगळा अंदाज माझा बरोबर निघाला. लगेच फ्लॅटवाल्याला फोन केला— परवा ताईला घेऊन येते.

१६ मार्च

ताईने फ्लॅट नीट पाहिला. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या. मग म्हणाली, "चांगला आहे. पण मी इथे यायची नाही." बसने तीन तासांवरच्या गावात तिने दोन खोल्या घेतल्यात. महिना होत आला.

"तिथे आपलं कोण आहे, ताई?"

"कुणी नाही. म्हणूनच."

 जिना उतरताना कसंबसं विचारलं, "मी येऊ ना तुझ्याकडे?"

"ये की," ताई म्हणाली. "फोन करून ये."