ओढ्यातले बटाटे

एलादियो बाळा,

इथे डोंगरात जूनचा हिवाळा सुरू झाला तसे बटाटे उघड्यावर गोठवले, तुडवले आणि तुझ्या आवडत्या मोरायासाठी, त्या पांढऱ्या सुकवलेल्या बटाट्यांसाठी, ओढ्यात भिजत घातले. ओढ्यातले दगड आता गंजल्यासारखे लाल झालेत. पण गेल्या महिन्यात खाणीच्या साहेबांबरोबर आलास, तेव्हा तूच चौकात आपल्या भाषेत म्हणालास ना, "मावश्यांनो, पाणी तपासलंय, खुशाल प्या."

तुझी सुईण ग्रेगोरिया फटकन बोलली, "मग माझ्या मेंढ्या काय लाजून मेल्या का रे?" सगळे हसले. तूही हसलास. तिच्या नातीच्या रक्तात शिसं निघालंय, पोरीचं नाक सारखं वाहतं, लालभडक. तरी तुझ्या शब्दावर ग्रेगोरियाने पाण्यासाठी लांबच्या झऱ्यावर जाणं सोडलं, ओढ्याचंच भरू लागली. म्हणाली, "माझ्या हातांवर जन्मलेलं पोर मला खोटं सांगेल होय?"

काल तुझा फोन आला. "आई, यंदा मोराया पाठवू नकोस. तुझ्या नातवाला सोसत नाही."

मी "बरं" म्हटलं. मागच्या वर्षी तर तो बोटं चाटत होता.

आज सकाळी सगळे बटाटे ओढ्यातून काढून पुरून टाकले आणि ग्रेगोरियाकडे गेले. ती नातीला पाणी पाजत होती. "एलादियो काय म्हणतोय?" तिने विचारलं. मी पोरीच्या तोंडचा पेला काढून घेतला, अंगणात ओतला आणि तू फोनवर काय म्हणालास ते सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

हे पत्र टाकत नाही. तुला नवं कळण्यासारखं यात काय आहे? तुला तर आधीच ठाऊक होतं.

तुझी आई,
सातुर्निना