शिडीचा दुसरा हाफ

६ नोव्हेंबर

हरलो! घरच्या कोर्टवर, आपल्याच लोकांसमोर.

पहिल्या हाफला शिडीने एकटीने सामना ओढला होता. रिबाउंड तिचा, बास्केट तिची, समोरच्या सेंटरला, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या मुलीला, तर तिने खांब करून ठेवलं होतं. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून टिपताना मनात टाळ्या वाजवत होते. मध्यंतरानंतर तीच मुलगी कोणीतरी बदलून ठेवल्यासारखी. उशिरा वळते, चुकीच्या बाजूला सरकते, मग घाईत धक्का देते. फाउल, फाउल, फाउल. चौथ्यानंतर सरांनी बसवलं.

"दम नाही," सर म्हणाले. "उंची देवाने दिली, फुप्फुसं द्यायला विसरला."

सगळे हसले. शिडीही हसली. ती सव्वासहा फूट, म्हणून शिडी. मी आकडेवाली. या टीममध्ये आईबापांनी ठेवलेलं नाव कोणी वापरत नाही.

७ नोव्हेंबर

बाबांचा फोन. इस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, माझी मुलगी टीमची आकडेतज्ज्ञ. एकाने विचारलं, म्हणजे तिकिटं फाडते का? बाबांनी त्याचा शर्ट दोन दिवस उशिरा दिला म्हणे!

घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबांना संख्याशास्त्र म्हणजे काय ते नीट सांगता येत नाही. म्हणतात, "जे डोळ्यांना दिसत नाही ते हिला दिसतं." फोन ठेवल्यावर मला नेहमी थोडं दडपण येतं.

९ नोव्हेंबर

सरांना त्या मॅचचा अहवाल दिला. शिडीचे फाउल बहुतेक सगळे दुसऱ्या हाफमधले. खाली मी ठळक लिहिलं: दमसास कमी पडतो. सर खूश. "हे बघा, शिकलेल्या माणसाने लिहिलंय!"

संध्याकाळी सरावानंतर सगळ्या घरी गेल्या आणि शिडी कोर्टच्या कडेकडेने पळत होती. माझ्या वाक्यामुळे. जिन्यात तिच्या मागे डावीकडून हळूच हाक मारली, "अगं, ऐक ना!" म्हणायचं होतं की मनावर घेऊ नकोस. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ निघून गेली.

एवढा ताठा! मग पळ म्हणावं.

१५ नोव्हेंबर

परगावची मॅच. आणि सगळं उलटं!

पहिल्या हाफला शिडी म्हणजे लग्नाच्या मांडवात हरवलेलं मूल. दुसऱ्या हाफला उठली ती अशी की समोरच्या दोघी मिळूनही तिला धरू शकल्या नाहीत. मग दम कुठून आला?

सर म्हणाले, "परक्या ठिकाणी बुजते. उशिरा खुलते." मी तेही लिहिलं. घरी दमते, बाहेर बुजते. लिहून झाल्यावर वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. एका माणसासाठी दोन कारणं म्हणजे एकही कारण नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

१९ नोव्हेंबर

घरची मॅच. पहिला हाफ सोनं, दुसरा माती. परत तेच!

२४ नोव्हेंबर

परगावी आलोय. खोल्या कमी पडल्या म्हणून मला शिडीबरोबर टाकलं. पलंग तिला पुरत नाही, पाय खुर्चीवर ठेवून झोपते.

सकाळी मी आधी आंघोळीला गेले. आतून ऐकतेय, तिच्या फोनचा गजर वाजतोय, वाजतोय. बाहेर आले तर फोन तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर किंचाळतोय आणि ही गाढ! तेवढ्यात कप्तानने दार बडवलं, "बस निघाली, महाराणी!" तरी ढिम्म. मी हलवलं तशी दचकून उठली, आणि आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठांकडे.

उजव्या कुशीवर झोपली होती. उजवा कान उशीत.

नाश्त्याला मुद्दाम तिच्या डावीकडे बसले. हळूच म्हटलं, "मीठ दे." काही नाही. उठून उजवीकडे गेले, तेवढ्याच आवाजात म्हटलं. मीठ आलं.



२५ नोव्हेंबर

बसमध्ये कागदावर कोर्ट काढलं. इतकं सोपं, आणि मी दमसास लिहीत बसले!

दोन्ही बेंच कोर्टच्या एकाच लांब कडेला; घरच्या टीमचा कायम एका टोकाला, पाहुण्यांचा दुसऱ्या. मध्यंतराला बाजू बदलतात, बेंच बदलत नाहीत. बचाव करताना सेंटर, म्हणजे शिडी, बास्केटला पाठ करून उभी. सर आणि बेंचवरच्या सगळ्या ओरडून सांगत असतात, मागून आली, डावीकडून आली, सरक! घरी खेळताना पहिल्या हाफला हा आरडाओरडा तिच्या उजव्या कानाशी असतो. दुसऱ्या हाफला डाव्या. बाहेर गेलो की नेमकं उलटं.

ती दमत नाही. बुजत नाही. तिला ऐकूच येत नाही. अर्धी मॅच ती नुसत्या डोळ्यांवर खेळते, आणि तरी या लीगमध्ये टिकलीय!

मला जागेवरून उडी मारून सरांच्या सीटपाशी जायचं होतं. गेले नाही. आधी तिला विचारायला हवं.

२७ नोव्हेंबर

बॉल ठेवायच्या खोलीत गाठलं. कागद दाखवला. तिने तो पाहिला आणि दार लावून घेतलं.

"कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

लहानपणी कान फुटला होता. घरच्यांनी तेल घातलं, मग बरं झालं असं धरून चालले. टीममध्ये घेताना डॉक्टरने तपासलं तेव्हा एक कान झाकायला सांगितलं. तिने नीट झाकलाच नाही, आणि डॉक्टरला घाई होती.

मी म्हटलं, अगं, पण हे सांगितलं तर सगळं सुटेल! सर पळवायचं थांबवतील, तुझ्यासाठी वेगळी काहीतरी पद्धत काढतील...

"सर? सर सेंटर बदलतील," ती म्हणाली. "तुला काय कळायचं! तू पदवी घेऊन कुठल्याही खुर्चीत बसशील. मी सव्वासहा फुटांची बाई. कोणत्या खुर्चीत बसू?"

मग माझा हात धरला. तिच्या पंजात माझा हात मनगटापर्यंत गेला. "नाही सांगणार म्हण."

मी म्हटलं. काय करणार होते?

२ डिसेंबर

महिन्याच्या मध्याला सर ठरवणार, पुढच्या मोसमात कोण राहील, कोण जाईल. माझ्याकडून प्रत्येकीचा अहवाल हवाय. "शिडीचा सगळ्यात आधी. मला तिचा निकाल लावायचाय."

आडून प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, सर, हॉलमध्ये गोंगाट फार असतो, बेंचवरून हाताने खुणा केल्या तर? सर खदखदा हसले. "आपण बास्केटबॉल खेळतोय का मुका अभिनय? तू बाई आकडे सांभाळ."

कप्तान म्हणाली, कल्पना वाईट नाही. तिचं कोणी ऐकलं नाही.

४ डिसेंबर

अहवाल लिहायला बसले. एक ओळ झाली. खोडली.

८ डिसेंबर

घरची मॅच. दुसरा हाफ.

समोरच्या खेळाडूला अडवायला कप्तान डावीकडून ओरडत आली, "सोड, सोड, ही माझी आहे!" शिडी तिच्याच वाटेत वळली. कोपर थेट कप्तानच्या तोंडावर. ओठ फाटला, टाके पडले. कोर्टवरचं रक्त पुसायला खेळ थांबवावा लागला.

कपडे बदलायच्या खोलीत कप्तान तोंडावर बर्फ धरून ओरडत होती, "घसा फोडला मी! बहिरी आहेस का गं तू?"

सगळ्या हसल्या. आणि शिडीही हसली. मान मागे टाकून, मोठ्याने.

मी टॉवेलच्या घड्या घालत होते. घातलेल्या मोडून परत घातल्या.

९ डिसेंबर

झोप नाही. पुढच्या वेळी ओठाऐवजी डोळा असला तर? गुडघा असला तर? ते मला माहीत असून घडलेलं असेल. आणि सांगितलं तर एका मुलीचं सगळं आयुष्य माझ्या हातून जाईल. तिने विश्वासाने धरलेल्या हातातून!

कॉलेजात मी भाषणं द्यायचे, आकडा कोणाच्या बाजूचा नसतो म्हणून. किती सोपं होतं. तिथे आकड्यांना कोपरं नव्हती, ओठ नव्हते.

बाबांना फोन केला. नाव, गाव काही न सांगता विचारलं, एखाद्याचं गुपित ठेवल्याने दुसऱ्याला इजा होणार असेल तर? ते म्हणाले, "तू शिकलेली. तूच सांग."

सगळे मलाच विचारतात.

११ डिसेंबर

शिडीला गाठलं. तिच्या उजव्या बाजूला उभी राहून म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. दमसास, बुजणं, यातलं काही परत लिहायची नाही. पण तुझ्या मागून सांगणारही नाही. सोमवारी अहवाल द्यायचाय. त्याआधी तू सांग. मी बरोबर येईन.

"म्हणजे मारायचं ठरलंय, फक्त सुरी माझ्या हातात द्यायचीय."

"तसं नाही गं."

"तसंच आहे."

बुटांच्या नाड्या बांधून निघून गेली. या वेळी मी हाक मारली नाही.

१२ डिसेंबर

बोलत नाही. बसमध्ये खिडकीशी, डावा कान माझ्याकडे करून बसली. मुद्दाम.

१३ डिसेंबर

अहवालाचा कागद कोराच. सरांनी दोनदा विचारलं. पोट दुखतंय सांगितलं.

१५ डिसेंबर

सरांनी सगळ्यांना कोर्टवर गोल बसवलं होतं. अहवाल मागायला माझ्याकडे हात केला तेवढ्यात शिडी उभी राहिली. म्हणाली, सर, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. कप्तानताई, माफ कर.

कप्तानने ओठाच्या टाक्यांवर बोट ठेवलं, मग उठून शिडीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

सरांनी माझ्याकडे केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "स्वतःहून सांगितलंस म्हणून ठेवतो. खुणांनी खेळू. पण आता एक विचारतो, आणि यात खोटं निघालं तर त्याच दिवशी बाहेर. आणखी कोणाला माहीत होतं? कोणी मिळून लपवलं?"

"कोणालाच नाही," शिडी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सर माझ्याकडे वळले. "तू एवढी शिकलेली. सगळा मोसम कॅमेऱ्यामागे उभी. तुला दिसलं नाही?"

मी आयुष्यात कोणत्याही परीक्षेत चुकीचं उत्तर मुद्दाम लिहिलं नव्हतं.

"नाही, सर. दिसलं नाही."

"मग तुझा उपयोग काय?"

कॅमेऱ्याची तिपाई घडी करून कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली कायमची कप्तानकडे दिली.