सतरा एकांची संख्या

पनवेल, ५ जानेवारी २०२५

ती. कुमुदआत्यास,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि बाबा दार लावून घेतात, म्हणून लिहितेय. निनादच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या क्लासमध्ये मी गणित शिकवते, ते तुला ठाऊकच आहे. त्यांनी कळंबोलीच्या चौकात होर्डिंग लावलंय. ओळीने सतरा वेळा १ हा आकडा आणि खाली ‘महाकाय मूळ संख्या, आमच्या विद्यार्थ्यांसारखीच अभंग’. मी सांगितलं, एकोणीस एक लिहा, ती मूळ आहे. सतरा एकांना २०७१७२३ ने पूर्ण भाग जातो. सतरा मूळ म्हणून सतरा एकही मूळ, असं नसतं. ते हसून म्हणाले, सिग्नलला उभं राहून भागाकार कोण करणार?

तेवढ्यावर ते थांबले असते तर मी गिळलं असतं. पण क्लासच्या शिष्यवृत्तीच्या चाचणीत त्यांनी ‘ही संख्या मूळ आहे का?’ हाच प्रश्न घातला. चिरनेरच्या माझ्या विद्यार्थिनीने, भाविकाने, मी शिकवलेले दोन्ही अवयव लिहिले. तिला शून्य दिलं आणि तिची जागा गेली. किळस येते, आत्या. त्या वर्गात खडू धरवत नाही. बाबा म्हणतात, एप्रिलमध्ये लग्न आहे, गप्प राहा.

रागावलेली, पण तुझीच,
कादंबरी

सांगली, १३ जानेवारी

चि. दीनानाथ यास अनेक आशीर्वाद.

पोरीचं पत्र वाचलं. शी! आणि तू तिलाच गप्प बसवतोस? आज खरं लिहिणाऱ्या मुलीला तिथे शून्य मिळालं, उद्या खरं बोलणाऱ्या सुनेला काय मिळेल? व्याह्यांना जाऊन विचार. गुडघ्याला तेल लावतोस, की बाटलीकडे नुसता बघतोस?

रागाइतकीच माया आहे.
तुझी,
ताई

पनवेल, २ फेब्रुवारी

ती. ताईस,
दीनानाथचा सा. न.

तुझं पत्र झोंबलं. कादंबरीला घेऊन गेलो. चौकात बघतो तर होर्डिंगवर आणखी दोन एक चिकटवून एकोणीस केलेले, रंग जरा वेगळा. वाटलं, मिटलं. वर क्लासमध्ये जाऊन भाविकाच्या गुणांचं विचारलं, तर व्याही म्हणाले, “होर्डिंग सगळं गाव बघतं. तिचा पेपर कोण बघतं?”

निनाद शेजारीच मोबाइल चाळत होता. कादंबरीने त्याचं मत विचारलं. तो म्हणाला, बाबा बघतील. पुढ्यातला पेढा मला उचलवेना. पोरीने अंगठी काढून टेबलावर ठेवली. मी अडवलं नाही. “चल,” एवढंच म्हणालो.

भाविकाच्या आईला, मनिषाला, कादंबरीने फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, पोरगी रोज इचारते, मी चुकली का? तुमीच सांगा तिला.” आता भाविका रविवारी आमच्याकडे येते. आज तिने विचारलं, नुसत्या एकांनी लिहिलेल्या मूळ संख्या कधी संपतात का? कादंबरी म्हणाली, हे जगात अजून कुणालाच ठाऊक नाही. ताई, ते ऐकून पोर कितीतरी दिवसांनी हसली.

तुझं रागावणं असंच राहू दे.
तुझा,
दीनानाथ